तान्ह्या पोळ्याचा बैल आणि वर्षभराचीं हातकामें

श्रावणी अमावास्येचा पोळा आटोपला कीं दुसऱ्या दिवशीं विदर्भांत मुलांचा पोळा भरतो. त्यास तान्हा पोळा म्हणतात. आदल्या दिवशीं तोरणाखालीं खरे बैल उभे असतात. या दिवशीं चाकांवरचे लहान लहान बैल ओळीनें उभे राहतात, आणि त्यांचे धनी चार वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतचे असतात. बैलाच्या गळ्यांत घुंगरू, शिंगांना बेगड, पाठीवर चिंध्यांची झूल. पोळा फुटला कीं मुलें आपापले नंदी ओढीत घरोघर जातात, आणि घरोघरीं त्यांना बोजारा मिळतो. म्हणजे कोठें चार पैसे, कोठें खाऊ. नागपूरच्या भोसले राजांनीं ही चाल पाडली असें सांगतात. गोंदिया जिल्ह्यांत शहरापासून देवरी-सालेकशाच्या रानाकडील गांवांपर्यंत हा सण मुलांचा हक्काचा सण आहे.

आज हे नंदी बहुधा बाजारांतून येतात. लाकडाचे, रंगविलेले, वीतभर उंचीपासून मुलाच्या खांद्याएवढ्या उंचीपर्यंतचे. सुताराच्या हातचें तें चांगलें काम असतें यांत वाद नाहीं, आणि त्या निमित्तानें सुतारास चार पैसे मिळतात हेंही बरेंच आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं सजावटीचीं बक्षिसें लागूं लागलीं आणि बैलाची उंची व बापाचा खिसा यांचीच चढाओढ सुरू झाली. ज्याच्या घरीं लाकडी बैल घेण्याची ऐपत नाहीं तें मूल रांगेच्या टोकास उभें राहतें, नाहीं तर येतच नाहीं. वास्तविक या सणाला लागणारा बैल गांवच्या बोडींतल्या चिखलांत पडलेलाच आहे. तो बाहेर काढणारे हात तेवढे कमी झाले आहेत.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला. जिल्हा नवा, पण मुलूख जुना: धानाचा, तलावांचा आणि रानाचा. झाडीपट्टी हें त्याचें नांव उगीच पडलेलें नाहीं. येथल्या मुलाला हातकामासाठीं दुकानांत जाण्याचें कारण नाहीं. पोळ्याच्या सुमारास चिखल मऊ असतो; दिवाळीच्या मागेंपुढें धान कापलें कीं तणस मिळतें; फाल्गुनांत पळस फुलतो, आणि उन्हाळ्यांत त्यास नवीं पानें येतात; बांबू तर बाराही महिने आहे. कामें या क्रमानेंच घेतलीं तर कोणत्या महिन्यांत रान काय देतें हेंही मुलास वेगळें शिकवावें लागत नाहीं.

प्रथम मातीचा बैल. शेजारच्या छत्तीसगडांत पोऱ्याच्या सणाला मुलग्यांसाठीं मातीचे चाकांचे बैल आणि मुलींसाठीं मातीचीं चूल-भांडीं कुंभार करतात. ही हौस फार जुनी आहे. सिंधूच्या कांठच्या मोहंजोदडो येथें मातीच्या खेळण्यांतल्या बैलगाड्या निघाल्या आहेत. महाराष्ट्रांतही अहिल्यानगर (पूर्वींचा अहमदनगर) जिल्ह्यांतील दायमाबाद येथें १९७४ सालीं कांशाच्या चार वस्तु सांपडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला रथ आहे आणि रेडा व गेंडा चाकांवर उभे आहेत. तीं खेळणीं होतीं कीं पूजेच्या वस्तु होत्या, यावर विद्वानांनीं वाद घालावा. चाकांवरचें जनावर पाहून मुलाला मात्र कांहीं शंका येणार नाहीं.

बोडी म्हणजे गांवचें लहान तळें. तिच्या कांठचा गाळ बारीक आणि चिकट असतो. त्यांतील खडे, मुळ्या, शिंपल्यांचे तुकडे वेंचून टाकावे. मग बोटाएवढी मातीची वळी करून ती दुसऱ्या बोटाभोंवतीं गुंडाळून पाहावी. वळी न तुटतां वाकली तर माती कामाची. भेगा पडल्या तर तिच्यांत रेती फार आहे असें समजावें. परंतु नुसती चिकट मातीही चालत नाहीं, कारण ती वाळतांना फार आकसते आणि तडकते. म्हणून चार मुठी मातीला एक मूठ चाळलेली राख, किंवा तितकेंच बारीक चिरलेलें तणस मिसळावें. माती रात्रभर ओल्या फडक्याखालीं ठेवावी आणि दुसऱ्या दिवशीं कणीक तिंबतात तशी तिंबावी. तिंबण्याचा कंटाळा केला कीं आंत हवा राहते.

बैल घडवितांना मुलें एक चूक हटकून करतात. धड वेगळें, पाय वेगळे, मान वेगळी, असे तुकडे करून तीं ते एकमेकांस चिकटवितात. ओलें असतांना सर्व छान दिसतें. वाळूं लागलें कीं पाय गळतात, कारण जाड धड सावकाश वाळतें आणि बारीक पाय लवकर वाळतात. दोहोंचें आकसणें एका वेळीं होत नाहीं, आणि सांधा सुटतो. यावर उपाय सोपा आहे. एकच गोळा घेऊन त्यांतून पाय खालीं ओढावे, मान पुढें ओढावी, चिमटीनें वशिंड वर काढावें. जोडणें टाळतांच येत नसेल तर दोन्ही बाजूंस काडीनें ओरखडे काढावे आणि मध्यें पातळ चिखल लावून दाबावें. शिंगांसाठीं बाभळीचे दोन कांटे खोंवले कीं मातीचीं बारीक शिंगें मोडण्याची कटकटच उरत नाहीं.

चाकांत खरी गंमत आहे. मातीची जाड पोळी करून वाटीच्या कांठानें चार सारखीं चाकें कापावीं. पुढचे दोन पाय खालच्या बाजूस एकमेकांस जोडलेले ठेवावे, मागचेही तसेच, आणि त्यांतून आडवें आरपार भोंक पाडावें. चाकांनाही मधोमध भोंक पाडावें. आंस म्हणजे बांबूची गोल तासलेली कामटी. आतां हें भोंक आंसाइतकेंच पाडलें तर बैल चालणार नाहीं. माती वाळतांना आकसते आणि भोंकही लहान होतें. मग आंस आंत जात नाहीं. उलट, ओल्या भोंकांत आंस ठेवूनच चाक वाळूं दिलें तर तें आंसाभोंवतीं आवळलें जाऊन फुटतें. म्हणून भोंक आंसापेक्षां अंमळ मोठें पाडावें, आंस काढून ठेवावा, आणि चाक वाळल्यावर तो घालावा. एखाद्या मुलाचें पहिलें चाक फुटलें तर तें फेंकूं देऊं नये. फुटलेलें चाक व न फुटलेलें चाक शेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे जें समजतें तें फळ्यावर लिहून समजत नाहीं.

बैल सांवलींत वाळवावा. उन्हांत ठेवला तर वरचा थर आधीं वाळून आकसतो, आंतला गाभा फुगलेलाच राहतो, आणि वरच्या थरास चिरा पडतात. पावसाळी हवेंत वाळण्यास वेळ लागतो, म्हणून काम पोळ्याच्या आधीं निदान आठ दिवस सुरू करावें; आदल्या संध्याकाळीं माती आणणाऱ्याचा बैल ओलाच रांगेंत उभा राहतो आणि घरीं येईपर्यंत त्याचा चिखल होतो. रंगासाठीं चुना, गेरू आणि काजळी पुरे. चुना मात्र मोठ्यांनीं लावावा. कुंभार ओळखीचा असेल तर त्याच्या भट्टींत बैल भाजून मिळेल, पण तो आंतून पुरता वाळलेला हवा; ओल राहिली तर तिची वाफ होऊन बैल भट्टींत फुटतो आणि शेजारचीं मडकींही बिघडवितो. न भाजलेला बैल सण झाल्यावर बोडींत सोडावा. पुढल्या वर्षीं तीच माती पुन्हां हातीं येईल.

तान्हा पोळा भरविणाऱ्या मंडळांनीं घरीं केलेल्या बैलांची एक रांग निराळी लावली आणि मुलालाच विचारलें, ‘चाक कसें केलेंस?’ तर अर्धे खरे-खोटे तेथेंच निवडले जातील.

दिवाळीच्या पुढें खळ्यांत तणसाचे ढीग दिसूं लागतात. धानाच्या तणसाची दोरी वळणें हें सर्वांत स्वस्त हातकाम, आणि आज तें येणारीं मुलें फार थोडीं आहेत. त्यास एक कारण शेतींतच आहे. १९६६ सालीं आय. आर. ८ हा बुटका धान प्रसृत झाला आणि पुढें बुटक्या जातींचा प्रसार वाढला. उत्पन्न वाढलें, पण ताट आंखूड झालें. आतां कापणीचें यंत्र फिरतें तेथें तें तणसही मोडून पडतें. म्हणून दोरीसाठीं विळ्यानें कापलेल्या धानाचें तणस मागून घ्यावें आणि वळण्याआधीं त्यावर पाण्याचा हबका मारावा; कोरडें तणस पिळतांच तुटतें.

तणसाचे दोन पदर घ्यावे. दोन्ही पदरांना उजवीकडे पीळ द्यावा, आणि पिळलेले पदर एकमेकांभोंवतीं डावीकडे गुंडाळावे. एवढाच दोरीचा मंत्र आहे. प्रत्येक पदर उलगडण्याची धडपड करतो आणि त्याच धडपडीनें दुसऱ्यास आवळून धरतो. दोघांचेही पीळ एकाच दिशेस दिले तर हात सोडतांच दोरी मोकळी होते. मुलांना दोन्ही तऱ्हा करून पाहूं द्याव्या. पदर संपत आला कीं नवें तणस त्यांत घालावें, परंतु दोन्ही पदर एकाच ठिकाणीं वाढवूं नयेत, नाहीं तर दोरी नेमकी तेथेंच तुटते. तीन-चार हात दोरी झाली कीं तिचें वेटोळें करून, उरलेल्या दोरीनें त्यास गुंडाळीत जावें आणि टोक आंत खोंवावें: झाली चुंबळ. गोल बुडाचा माठ तिच्यावर डुगडुगत नाहीं. डोक्यावर घागर आणणाऱ्या बायका आतां कमी झाल्या, तरी घरांत माठ आहेच. या दोरीचा झोपाळा मात्र करूं नये. ती मुलाचा भार सोसत नाहीं.

अशा कामांना शाळेंत जागा हवी असें पुष्कळांनीं पूर्वींच म्हटलें आहे. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण-परिषद भरली, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें हाताच्या उद्योगाभोंवतीं सारें शिक्षण गुंफण्याची योजना आंखली. वर्धा आणि गोंदिया तेव्हां एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडांत होते. पुढें १९६४ ते १९६६ या काळांत बसलेल्या कोठारी आयोगानें कार्यानुभवाची शिफारस केली, आणि तो विषय वेळापत्रकांत आला. मग त्याचें काय झालें हें घरोघर ठाऊक आहे. रात्रीं अकरा वाजतां बाप थर्माकोल कापीत बसतो, आई डिंक लावते, आणि ज्याचा विषय तें मूल केव्हांच झोपलेलें असतें. सकाळीं नमुना शाळेंत जातो, त्यास गुण मिळतात. ते कोणाचे हें विचारूं नये.

याच्या उलट उदाहरण मध्यप्रदेशांतल्या होशंगाबाद भागांतलें आहे. तेथें विज्ञान शिकविण्याचा जो कार्यक्रम चालला त्यांत १९७८ सालीं अरविंद गुप्ता हे अभियंते गेले आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्यांनीं मुलांना त्रिकोण, चौकोन, घरें जोडण्यास शिकविलें. पुढें पुण्याच्या आयुका संस्थेच्या बालविज्ञान केंद्रांतून त्यांचीं टाकाऊ वस्तूंचीं खेळणीं सर्वत्र पोंचलीं. त्या खेळण्यांचा मोठा गुण हा कीं मोडलें तर मूल तें स्वतः पुन्हां जोडूं शकतें. मातीच्या बैलाचा आणि तणसाच्या दोरीचाही गुण तोच.

आतां शिमगा. पिचकारी आणि रंग हीं दोन्ही या जिल्ह्यांत रानांतच तयार आहेत. येथें बांबूच्या दोन जाती मुख्य आहेत. कटांग कांटेरी, जाड आणि पोकळ. मानवेल बारीक, आणि पुष्कळदां भरीव. पिचकारीची नळी कटांगाची आणि दट्ट्याची काठी मानवेलीची, अशी वांटणी जणूं निसर्गानेंच करून ठेवली आहे. बांबू शेताच्या बांधावरचा घ्यावा किंवा बुरुडाकडून विकत आणावा. २०१७ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली आणि वनाबाहेर वाढलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून निघाला. परंतु राखीव वनांत, आणि २०१३ पासून व्याघ्र-प्रकल्प असलेल्या नवेगांव-नागझिऱ्यांत कोयता घेऊन शिरणें हा गुन्हाच आहे.

बुरुडाकडे मुलास बरोबर न्यावें. सूप, टोपली, धान सांठविण्याची ढोली, हीं ज्याच्या हातून निघतात तो बांबू नुसता ठोकून त्याची परीक्षा करतो. त्याच्याकडून एक गोष्ट विचारून घेण्यासारखी आहे. ताज्या बांबूंत पिष्ट असतें आणि तें खाण्यासाठीं भुंगा बांबूला भोंकें पाडतो. तोच बांबू कांहीं आठवडे पाण्यांत बुडवून ठेवला तर पिष्ट निघून जातें आणि भुंग्याचें लक्ष उडतें. प्लास्टिकच्या टोपल्यांनीं या कारागिराचा धंदा बसविला आहे. पिचकारीच्या दोन पेरांची किंमत देतांना तेथें घासाघीस करूं नये.

पेर असें कापावें कीं एका टोकास गांठ राहील व दुसरें टोंक उघडें राहील. करवत मोठ्या माणसाच्या हातीं असावी. गांठीच्या पडद्यास मधोमध तापलेल्या सुईनें किंवा आरीनें बारीक भोंक पाडावें. तें जितकें बारीक तितकी धार लांब जाते, पण फार बारीक केलें तर दट्ट्या ढकलवत नाहीं. मानवेलीच्या सरळ काठीच्या टोकास सुती चिंधी गुंडाळून दोऱ्यानें घट्ट बांधावी. चिंधी भिजली कीं फुगते आणि नळीच्या भिंतीस लागते. कोरडी असतांना जी सैल वाटत होती तीच आतां बरोबर बसते. भोंक पाण्यांत धरून दट्ट्या मागें ओढला म्हणजे नळींत पोकळी होते, आणि बाहेरच्या हवेचा भार बादलींतलें पाणी आंत ढकलतो. मुलें म्हणतात, दट्ट्यानें पाणी ओढलें. त्यांचें म्हणणें लगेच खोडूं नये. चिंधी काढून तोच दट्ट्या ओढण्यास सांगावें. पाणी येत नाहीं, आणि प्रश्न त्यांचा त्यांनाच पडतो.

रंगासाठीं झाडाच्या फांद्या ओरबाडण्याचें कारण नाहीं. पळसाखालीं सकाळीं गळलेल्या फुलांचा सडा असतो. तीं फुलें रात्रभर पाण्यांत भिजत घालावीं, किंवा मंद आंचेवर उकळून पाणी गाळून घ्यावें. केशरी-पिंवळा रंग उतरतो. जुन्या सुती कापडाचा तुकडा आधीं तुरटीच्या पाण्यांत भिजवून या पाण्यांत उकळला तर रंग कापडास अधिक धरतो. तरी उन्हांत तो हळूहळू फिका पडतो, हें आधींच सांगून ठेवावें. एक वेगळा खेळ वाटींत करण्याजोगा आहे. हळदीच्या पाण्यांत चुन्याची निवळी घातली कीं तें लाल होतें, आणि त्यांत लिंबू पिळलें कीं पुन्हां पिंवळें. चुना घातलेलें पाणी पिचकारींत मात्र चुकूनही भरूं नये. तें डोळ्यास इजा करतें.

फुलें सरलीं कीं पळसास पानें फुटतात. ‘पळसाला पानें तीनच’ ही म्हण सर्वांस ठाऊक असते, परंतु तीं तिन्हीं सारखीं नसतात हें थोड्यांच्या ध्यानांत येतें. मधलें पान मोठें आणि दोन्ही अंगांनीं सारखें. बाजूचीं दोन कललेलीं, एका अंगास रुंद. पत्रावळ लावणारी आजी मधलें पान मध्यें घेते आणि कललेलीं पानें भोंवतीं फिरविते, म्हणजे त्यांचा कल वर्तुळांत जिरतो. तिला भूमितीचें नांव विचारलें तर ती हसेल.

पानें पुरतीं वाढलेलीं पण लवचिक असावीं. अगदीं कोंवळीं फाटतात, जून झालेलीं मोडतात. टांचण्यासाठीं बांबूच्या सुईसारख्या बारीक चोया काढून घ्याव्या. मधल्या पानाच्या कडेवर भोंवतालचें पान दोन बोटें चढवावें. कौलें एकमेकांवर चढतात तसें. पानाची गुळगुळीत बाजू वर, लवेची बाजू खालीं. चोय वरून खालीं आणि पुन्हां वर अशी काढून उरलेलें टोंक मोडावें. टांका पानाच्या शिरेला धरून घेतला तर टिकतो. शिरा सोडून घेतला तर पहिल्याच घासाला सुटतो. कडेची चोय बाहेर राहिली तर जेवणाऱ्याचें बोट सोलवटतें, म्हणून शेवटीं प्रत्येक पत्रावळीच्या कडेवरून हात फिरवून पाहण्याची संवय लावावी. तयार पत्रावळी एकावर एक रचून वर पाटा ठेवावा. दोन दिवसांत त्या सपाट होतात.

महाराष्ट्रांत मार्च २०१८ मध्यें थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून एकदांच वापरावयाच्या प्लास्टिकच्या ताट-पेल्यांवर देशभर बंदी आली. तरी लग्नाच्या मांडवामागें दुसऱ्या दिवशीं काय उडत असतें तें सर्व पाहतात. पळसाची पत्रावळ पुन्हां पंगतींत यावी असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. ती लावतां येणारे हात मात्र गांवागांवांतून साठीच्या पुढचे आहेत. या कामाचें पुस्तक नाहीं. तें आजीच्या शेजारीं बसूनच येतें, आणि एका पिढीनें बसणें सोडलें तर पुढच्या पिढीस तें कोणापाशीं विचारावें हेंच कळणार नाहीं. उन्हाळ्याच्या सुटींतल्या दुपारी त्यासाठीं पुरेशा आहेत; दहा-बारा पत्रावळींनंतर मुलाच्या हाताला वळण पडतें.

द्रोणानें सुरुवात करणें बरें, कारण त्यास एकच मोठें पान लागतें. पानाच्या कडा दोन ठिकाणीं चुणी घालून वर उचलाव्या आणि चुणी चोयीनें टांचावी. द्रोण झाला कीं त्यांत पाणी ओतून पाहावें. टांका बुडाशीं घेतला असेल तर पाणी ठिबकतें. तो वर, कांठाशीं घेतला तर राहतें. उरलेलीं पानें जुड्या बांधून सांवलींत टांगून ठेवावीं, तीं पावसाळ्यांतही उपयोगी पडतात. मात्र लावण्याआधीं त्यांवर पाणी शिंपडून तीं तासभर ओल्या फडक्यांत गुंडाळावीं लागतात, कारण कोरड्या पानांत चोय घातली कीं तें टांक्याच्या रेषेंत फाटतें.